प्रवासात किती घर न्यावे?

रत्नागिरीस येणारा पाहुणा थिबा राजवाडा पाहिल्याशिवाय सहसा परत जात नाही. ब्रह्मदेशच्या राजाला १८८५ साली पदच्युत करून इंग्रजांनी पुढील वर्षी येथे आणून ठेवले, आणि १९१० साली त्याच्यासाठी खाडीच्या वरच्या अंगास हा प्रशस्त वाडा उभा राहिला. ऐसपैस दालने होती, वारा खेळावा म्हणून मोठाल्या खिडक्या होत्या, नोकरचाकर होते. बाहेर पडण्याची मोकळीक मात्र नव्हती. १९१६ साली तो राजा याच गावी वारला. घर आहे पण वाट नाही, ही मनुष्याची एक विपत्ती होय. वाट आहे पण घर नाही, ही दुसरी. ती मुंबईस पोट भरावयास गेलेल्या आमच्या कोकणातील चाकरमान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली. या दोहोंतून सुटावे, घरही असावे आणि वाटही असावी, ही इच्छा फार जुनी आहे. तथापि ती पुरी करावयास जो निघतो त्याच्यापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो: निघताना घरातील किती बरोबर घ्यावे? वरवर पाहता हा सामानाच्या वजनाचा प्रश्न दिसतो, आणि मीही त्याला तेवढाच समजत होतो. तो नीतीचाही प्रश्न आहे हे मला माझ्या वडील बहिणीने दाखवून दिले. ते कसे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

माझा भाचा बरीच वर्षे अमेरिकेत स्थायिक आहे. तिकडे मोटारीवर बांधलेली घरे मिळतात. एका लांबट गाडीत निजण्याच्या जागा, स्वयंपाकाचा ओटा, नहाणी, दिवे, पाण्याची टाकी असे सारे बसविलेले असते, आणि कुटुंबे ते घेऊन आठवडेच्या आठवडे डोंगरदऱ्या पाहत हिंडतात. आपल्याकडेही हा प्रकार आता अगदीच अपरिचित राहिलेला नाही; महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण आखले. भाच्याने तिकडे असे एक जुने फिरते घर विकत घेतले. ताई, म्हणजे त्याची आई, एरवी आमच्याकडे रत्नागिरीस असते आणि वर्षाआड उन्हाळ्यात त्याच्याकडे जाते. तेव्हा तीही त्या घरातून हिंडून आली आहे. गेल्या मार्गशीर्षात भाच्याचे लांबलचक पत्र आले. हल्लीच्या रीतीप्रमाणे ते टपालाने न येता संगणकावर आले, एवढाच काय तो फरक. त्यातील मुख्य बातमी अशी होती की, गाडीतील गॅसवर चालणारा फ्रिज काढून टाकून तेथे घरात असतो तसला विजेचा फ्रिज बसविण्याचे त्याने ठरविले आहे. ‘मामा, तुम्हांला हे पसंत पडणार नाही हे मी जाणतो,’ असे त्याने शेवटी लिहिले होते. ‘तरी तुमचे मत कळवा.’ मत मागितले असता ते देण्यास मी आजवर कधी मागेपुढे पाहिलेले नाही.

मात्र मत देण्यापूर्वी वस्तू समजून घ्यावी, एवढी शिस्त शाळामास्तराच्या पेशाने मला लावली आहे. म्हणून मी त्या दोन्ही यंत्रांची माहिती काढून वाचली. गॅसचा फ्रिज ही मोठी नवलाची वस्तू आहे. त्यात विस्तवाने थंडी उत्पन्न होते. पाण्यात विरघळविलेला अमोनिया बंद नळ्यांत ठेवलेला असतो आणि खाली प्रोपेन वायूची लहानशी ज्योत जळत असते. तिच्या उष्णतेने अमोनियाची वाफ होऊन ती वर चढते, तेथे निवून तिचा द्रव होतो, आणि तो द्रव हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरला की त्याचे पुन्हा बाष्प होऊ लागते. हे होताना तो कपाटातील उष्णता शोषून घेतो. शेवटी पाणी त्या अमोनियाला पुन्हा आपल्यात सामावून घेते, आणि फेरा पहिल्यापासून सुरू होतो. यात पंप नाही, चाक नाही, हलणारा एकही भाग नाही. त्यामुळे आवाजही नाही. स्टॉकहोम येथील प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती शोधून काढली. जेथे विजेची तार पोहोचलेली नाही तेथेही हा फ्रिज गॅसच्या एका नळकांड्यावर दिवसेंदिवस चालतो. त्याची एकच अट आहे. आतील द्रव केवळ स्वतःच्या भाराने ओघळत असल्यामुळे फ्रिज जवळजवळ सपाटीवर उभा असावा लागतो. गाडी उतारावर थांबली की द्रव मध्येच अडून राहतो, थंडी ओसरते, आणि ज्योत तशीच जळत राहिली तर यंत्र कायमचे निकामी होण्याचा संभव असतो. शिवाय कडक उन्हाळ्यात त्याची शक्ती उणी पडते, आणि एकदा का आतून गरम झाला की पुन्हा थंड व्हावयास तो कित्येक तास घेतो.

घरगुती फ्रिजाचा स्वभाव निराळा. त्यातील कॉम्प्रेसर विजेवर चालतो. त्याला लहानसहान उताराचे सोयरसुतक नसते. तो लवकर थंड होतो, आत जागा अधिक असते, आणि कारखान्यांतून लाखोंनी बाहेर पडत असल्यामुळे किंमतही तुलनेने कमी पडते. परंतु वीज मात्र त्याला पुन्हा पुन्हा, रात्रंदिवस लागते. तेवढ्यासाठी भाच्याला गाडीत जादा बॅटऱ्या, त्यांतील वीज घरगुती विजेसारखी करून देणारा इन्व्हर्टर आणि टपावर सौर पॅनेल बसवावी लागणार होती. गॅसची नळी जाणत्या माणसाकडून बंद करून घ्यावयाची होती. जुन्या फ्रिजासाठी भिंतीत ठेवलेले झरोके बुजवावयाचे होते. नवा फ्रिज गाडीच्या अरुंद दारातून आत जाणारच नाही, म्हणून एक खिडकी चौकटीसह उतरवावयाची होती. वळणावर दार उघडून दुधाची बाटली कोणाच्या अंगावर येऊ नये म्हणून फ्रिजाला पट्टा बांधण्याची योजनाही त्याने सविस्तर कळविली होती.

हे सर्व वाचून माझे मत तत्काळ तयार झाले. मी त्याला लिहिले की, जुना फ्रिज हा खरा वाटसरूचा फ्रिज आहे. तो तुला जमीन पाहून थांबावयास लावतो, थोडक्यात भागवावयास शिकवितो, आणि विजेच्या तारेचा मिंधा होऊ देत नाही. नवा फ्रिज हा गृहस्थाचा. तो आला की त्याच्यामागून बॅटऱ्या येतील, बॅटऱ्यांमागून आणखी काही येईल, आणि अखेर तू घर घेऊन हिंडतोस की घर तुला घेऊन हिंडते हे सांगणे कठीण होईल. पतंजलीने यमांत अपरिग्रहाची गणना केली आहे, वारकऱ्याचा सारा संसार एका पडशीत मावतो, आणि तुझ्याच देशातील थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत जाऊन दोन वर्षांहून अधिक काळ राहिला, याचे मी त्याला स्मरण दिले. घरातली प्रत्येक वस्तू ज्याला बरोबर हवी त्याने घरीच राहावे हे उत्तम, असा शेवट केला. पत्र मला चांगले साधले होते. निदान मला तरी तसे वाटले.

माझी पत्रे धाडण्यापूर्वी ताईला वाचून दाखविण्याचा माझा जुना परिपाठ आहे. त्या दिवशी ती पडवीत तांदूळ निवडीत बसली होती. मी वाचून संपविले, तेव्हा तिने सूप बाजूला ठेवले आणि म्हणाली, “हे पत्र धाडू नकोस.”

“का? काय चुकले?”

“चुकले काही नाही. पतंजली आला, वारकरी आला, तो तळ्याकाठचा साहेब आला. माझी सुई तेवढी आली नाही.”

ताईला आज वीस वर्षे मधुमेह आहे आणि ती दररोज इन्सुलिन टोचून घेते. हे औषध मोठे नाजूक असते. चालू असलेली बाटली घरातील थंडशा जागी साधारण महिनाभर टिकते. परंतु न उघडलेला साठा दोन ते आठ अंशांच्या आत राखावा लागतो. त्याहून अधिक तापले तरी ते बिघडते, आणि गोठले तरीही बिघडते. मागच्या खेपेस प्रवासात काय घडले ते तिने मला त्या दिवशी प्रथमच सांगितले. रात्री उशिरा ते एका डोंगरातील मुक्कामावर पोहोचले. अंधारात जागेचा उतार ध्यानात आला नाही. दुसऱ्या दिवशी कोणी फ्रिज उघडला तेव्हा दूध नासले होते, आणि शेजारीच तिच्या दोन महिन्यांच्या औषधाची डबी कोमट झालेली होती. ते औषध गुणाचे राहिले की नाही हे नुसते पाहून कळत नाही. जवळचे औषधांचे दुकान काही तासांच्या वाटेवर होते. “पोरगा दिवसभर गाडी चालवीत होता आणि एक अक्षर बोलला नाही,” ती म्हणाली. “तुला त्याने हे लिहिले नाही, कारण माझ्यामुळे खर्च झाला हे माझ्या कानावर येऊ नये अशी त्याची इच्छा. त्याला थंड सरबत प्यावयाचे आहे म्हणून तो फ्रिज बदलीत नाही.”

मी काही वेळ गप्प राहिलो. परंतु वादात हरलेला मनुष्य लवकर उठत नाही. मी म्हटले, “आपल्या लहानपणी फ्रिज कोठे होता? माठ होता, शिंके होते. तेव्हाही माणसे जगतच होती.”

“जी जगली त्यांचेच तू सांगतोस,” ताई म्हणाली. तेवढ्या एका वाक्याने माझा माठ फुटला. इन्सुलिन प्रथम माणसाला टोचले गेले ते १९२२ साली. त्यापूर्वी ज्या मुलांना हा रोग जडे त्यांच्यापाशी साध्या राहणीची काही उणीव नव्हती, आणि तरीही ती मुले जगत नसत.

मग तिने मला दापोलीची आठवण करून दिली. २०२० साली टाळेबंदीमुळे ती दापोली तालुक्यातील आपल्या सासरच्या घरी अडकून पडली होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली व मंडणगड या तालुक्यांवरूनही त्याचा फेरा गेला. नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, घरांची कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत पुढे अनेक दिवस वीज आली नाही. घरातला फ्रिज हे त्या दिवसांत एक साधे फडताळ झाले. ताईने औषध मडक्यात ठेवून वरून ओले फडके गुंडाळले. परंतु मडके थंड होते ते पाणी उडून जाण्याने, आणि मृगाच्या तोंडावरच्या दमट हवेत ते पाणी उडेनाच. तेव्हा शेजारचा एक मुलगा पडलेल्या झाडांतून वाट काढीत तिचे औषध घेऊन तालुक्याच्या गावी गेला. तेथील एका औषधविक्रेत्याकडे जनरेटर होता. त्याने आपल्या फ्रिजातील एक कप्पा मोकळा करून गावोगावच्या लोकांचे इन्सुलिन नावांच्या चिठ्ठ्या लावून त्यात ठेवून घेतले होते. पैसे त्याने घेतले नाहीत. शेजारचा तो मुलगा लागेल तसे औषध आणून देई. “त्या महिन्यात मला कोणी जगविले ते सांग,” ताईने विचारले. “यंत्राने, की माणसांनी?”

त्या रात्री मी माझे पत्र पुन्हा वाचले, आणि त्यातील थोरोपाशीच अडखळलो. ज्या जमिनीवर त्याने झोपडी बांधली ती जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. एवढेच नव्हे, तर त्याच्या डोळ्यांदेखत १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याच वॉल्डन तळ्याचा बर्फ मजूर करवतींनी कापून नेत होते. अमेरिकेतील असा बर्फ भुशात गुंडाळून जहाजांनी हिंदुस्थानापर्यंत येत असे. कलकत्त्यास तो १८३३ पासून येऊ लागला होता. आपल्या विहिरीचे पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याची माणसे पितील, हा विचार थोरोने आपल्या ग्रंथात लिहून ठेवला आहे. म्हणजे स्वावलंबनाच्या ज्या दाखल्याने मी भाच्याला लाजवू पाहत होतो, तो दाखलाही मित्राच्या जमिनीवर उभा होता, आणि त्याच्या तळ्यावर दूरच्या शहरांची तहान भागत होती. यात थोरोचे उणे काही नाही. उणे माझे, की मी त्याच्याकडून सामानाची यादी तेवढी घेतली.

गॅसचा फ्रिज स्वतंत्र आणि विजेचा परतंत्र, ही माझी विभागणीही तशीच कच्ची होती. गॅसचे नळकांडे कोणीतरी भरून ठेवलेले असते तेव्हाच ती ज्योत जळते. एक विजेच्या तारेवर अवलंबून, दुसरा जमिनीच्या सपाटीवर. कोणीच कोणावर अवलंबून नसावे ही अपेक्षा मनुष्याच्या संसारात कोठेच पुरी होत नाही. तेव्हा विचार करावयाचा तो याचा, की आपला भार कोणावर पडतो, आणि ज्याच्यावर पडतो तो तो पेलू शकतो की नाही. दापोलीस ताईचे यंत्र बंद पडले तेव्हा तो भार शेजाऱ्याने आणि दुकानदाराने उचलला. डोंगरातील त्या मुक्कामावर शेजार नव्हता. घर सोडून निघालेला मनुष्य भांडीकुंडी मागे ठेवतो हे आपल्याला दिसते. परंतु तो शेजारही मागे ठेवतो, आणि हे सहसा ध्यानात येत नाही. हाक मारली तर ओ देणारे जेथे कोणी नाही, तेथे आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्याने अधिक खात्रीचे साधन बरोबर घेतले तर त्याला चैन म्हणता येणार नाही. ते त्याचे कर्तव्यच आहे.

येथे थांबलो असतो तर प्रकरण सोपे झाले असते, परंतु सोयीचा हिशेब एवढ्याने मिटत नाही. सोयीला एक खोड असते: ती आपल्या घरचा भार उचलते आणि तो नजरेआड कोठेतरी नेऊन ठेवते. फ्रिजाचा इतिहास याला उत्तम साक्षी आहे. आरंभीच्या फ्रिजांतील विषारी वायू गळून माणसे दगावत. बर्लिनमधील एका कुटुंबाचा असा अंत झाल्याचे वृत्तपत्रात वाचून आइन्स्टाइन अस्वस्थ झाला आणि झिलार्ड या तरुण शास्त्रज्ञाबरोबर त्याने निर्धोक फ्रिजाचे आराखडे तयार केले, असे सांगतात. त्यांतील एकाचे अमेरिकन पेटंट १९३० साली त्यांना मिळाले. तो फ्रिज बाजारात आला नाही. त्याच सुमारास फ्रिऑन हा वायू निघाला. तो विषारी नव्हता, पेटही घेत नव्हता. घरे निर्धास्त झाली. पुढे १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखविले की, असले वायू आकाशातील ओझोनचे कवच झिजवितात. आणि १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांना त्याविरुद्ध करार करावा लागला. घरातील विष गेले ते सगळ्यांच्या डोक्यावरील आभाळात जाऊन बसले होते.

इतके दूर जावयाचेही कारण नाही. आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात पोफळी येथे सह्याद्रीच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. तेथे पाणी येते ते घाटमाथ्यावरील शिवसागर जलाशयातून, आणि त्या जलाशयाखाली अनेक गावे गेली आहेत. तेथील कुटुंबे दूरदूरच्या जिल्ह्यांत नेऊन वसविली गेली, आणि कित्येकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे दशकानुदशके रेंगाळले. आमच्या स्वयंपाकघरात मंद गुणगुणणाऱ्या फ्रिजाला कोणत्या वीजघरातून किती वीज येते हे मला सांगता येणार नाही. परंतु महाराष्ट्रातील विजेचे जाळे एक आहे आणि त्यात कोयनेचा वाटा मोठा आहे. आमचे घर थंड राहावे म्हणून कोणाची तरी चूल पाण्याखाली गेली, हे वाक्य लिहिताना बरे वाटत नाही. ते खोटे मात्र म्हणता येत नाही.

मग करावे काय? फ्रिज फेकून द्यावा, तर ताईची सुई आड येते. फ्रिज निर्धास्तपणे वापरावा, तर ती बुडालेली चूल आड येते. या पेचातून सोडविणारे सूत्र मला सापडले आहे असे मी म्हणत नाही. एवढेच दिसते की, दुसऱ्याच्या भारावर मिळालेली थंडी केवळ आपल्यापुरती वापरणे हे त्यातल्या त्यात हीन होय. यंत्र भरवशाचे झाले की मनुष्याला वाटू लागते, आता कोणाची गरज नाही. आणि ज्याला कोणाची गरज नाही असे वाटते त्याला कोणाच्या गरजेची जाणीवही राहत नाही. अपरिग्रहाचा अर्थ वस्तूंची संख्या मोजून लागत नाही, हे मला या निमित्ताने कळले. दापोलीच्या त्या दुकानदाराकडे आमच्याहून मोठा फ्रिज असेल. तरी त्या महिन्यात त्याच्याइतका अपरिग्रही मनुष्य तालुक्यात नसावा.

दुसऱ्या दिवशी मी नवे पत्र लिहिले. ते चार ओळींचे होते, आणि त्यात पतंजली नव्हता. फ्रिज जरूर बदल, गॅसच्या नळीचे काम मात्र स्वतः करू नकोस, आणि मुक्काम शक्यतो चार माणसांच्या जवळ करीत जा, एवढेच मी लिहिले. वाचून दाखविल्यावर ताईने खाली आपले एक वाक्य घालावयास सांगितले: “वरचा एक कप्पा नेहमी रिकामा ठेव. वाटेत कोणाचे औषध ठेवावे लागले तर जागा असू दे.”

फाल्गुनात भाच्याने नव्या फ्रिजाचे छायाचित्र पाठविले. दाराला निळा पट्टा बांधला आहे आणि वरचा कप्पा खरोखरच रिकामा आहे. ते छायाचित्र पाहून मी उठलो आणि आमचा फ्रिज उघडला. त्यात गेल्या मोसमातील आमरसाचे डबे, कोकमाच्या बाटल्या, लोणची, कोणालाच नको असलेली परवाची भाजी, अशी काठोकाठ भरती होती. बोट ठेवावयास जागा नव्हती. आमच्या आळीत आणखी कोण इन्सुलिन घेते हे मला ठाऊक नव्हते. ताईला विचारले, तर तिने तीन नावे सांगितली.